जळगावातलं नेमप्लेटचं दुकान आणि लिबरेटरची एक पट्टी

आधी कामाचं सांगून टाकतो. जळगावात अजिंठा चौफुलीच्या अलीकडे मोटार भरणाऱ्यांची (विजेच्या मोटारींचं वाइंडिंग भरणाऱ्यांची) जी रांग आहे, तिच्यात धातूच्या नेमप्लेट करून देणारं एक दहा बाय बाराचं दुकान आहे. मालकांना सगळे नाना म्हणतात. आपलं नाव कुठं छापून आलेलं त्यांना आवडत नाही, म्हणून लिहीत नाही. रांगेत कुणालाही ‘प्लेटवाले नाना’ विचारा, दाखवतील. मी त्यांच्याकडून लिबरेटर या जुन्या बॉम्बर विमानातल्या एका भागावरच्या नंबरपट्टीची प्रतिकृती आणि विमानाचा नंबर रंगवलेला तीन फुटी पत्रा करून घेतला. पट्टीचे १,४०० आणि पत्र्याचे १,१०० झाले. आठ दिवसांचं कबूल केलेलं काम एकोणिसाव्या दिवशी हातात पडलं. उशीर सोडला तर एवढं मनापासून केलेलं काम मी नाशिक-पुण्यातही पाहिलेलं नाही.

आता सविस्तर. मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल-दुरुस्ती करणारा, होतो. १९७६ ला भरती, ट्रेडचं ट्रेनिंग तांबरमला, मग मिग-२१ वर बरीच वर्षं. पहिल्याच पोस्टिंगला एक सार्जंट भेटले. माझ्या तोंडून खानदेशी ‘काय भो’ ऐकून त्यांनी मान वळवली आणि विचारलं, “कोणत्या गावचा रे तू?” ते चोपडा तालुक्यातले. तेव्हापासून मी त्यांना आबा म्हणतो. तेरा वर्षांनी थोरले. काम शिकवताना कडक, जेवायला बसताना बापासारखे.

नंबर या गोष्टीची किंमत मला आबांनी शिकवली. विमानाचा प्रत्येक महत्त्वाचा भाग, मग तो पंप असो, ॲक्च्युएटर असो की चाकाचा ब्रेक असो, आपला स्वतःचा नंबर घेऊन येतो. त्या नंबराचं एक लॉग कार्ड असतं. किती तास चालला, कधी उघडला, कधी बदलला, सगळं त्यावर. भाग या विमानातून काढून त्या विमानाला लावला तरी कार्ड त्याच्यामागं जातं. मी नवा असताना एका पंपाचा नंबर आरशात बघून लिहून घेतला. पंप असा अडचणीत बसवलेला की डोळा पोचत नाही, टॉर्च आणि छोटा आरसा घालूनच वाचावं लागतं, आणि आरशात सगळं उलटं दिसतं. दोन आकड्यांची अदलाबदल झाली. आबांनी कार्ड पाहिलं, मला पुन्हा विमानाखाली पाठवलं, तीन वेळा मोठ्यानं वाचायला लावलं आणि मगच सही केली. म्हणाले, “हा आकडा चुकला तर उद्या कुणीतरी तास संपलेला पंप घेऊन वर जाईल.” त्यानंतर वीस वर्षांच्या नोकरीत मी नंबर लिहिताना बोट ठेवून वाचल्याशिवाय पेन उचलला नाही.

या जानेवारीत आबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. जळगाव, धुळे, भुसावळ इथले आम्ही सहा-सात जुने हवाईसैनिक. शाल-श्रीफळ तर सगळेच देतात, आपण त्यांच्या आयुष्यातलं काहीतरी द्यावं असं ठरलं. आबांची अगदी सुरुवातीची वर्षं पुण्याला सहाव्या स्क्वाड्रनमध्ये लिबरेटरवर गेली, ही गोष्ट ते दर भेटीत काढतात. लिबरेटर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकी बी-२४, चार इंजिनांचं बॉम्बर. त्याचे बॉम्बचे दरवाजे खाली उघडत नाहीत, दुकानाच्या शटरसारखे गुंडाळत बाहेरच्या अंगानं वर सरकतात. आबा हातवारे करून ते शटर वर कसं जातं हे दाखवतात तेव्हा ऐंशीचे वाटत नाहीत.

आपल्याकडे ही विमानं कशी आली ते इथं सांगायलाच हवं. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी आपली लिबरेटर कानपूरजवळ चकेरीला सोडली आणि पुन्हा कुणी उडवू नये म्हणून त्यांची मोडतोड करून ठेवली. स्वातंत्र्यानंतर आपल्याला बॉम्बर हवे होते. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीच्या माणसांनी त्या भंगारातून उडण्याजोगी विमानं निवडली, तिथंच जुजबी दुरुस्ती केली आणि जमशेद मुन्शी या वैमानिकानं ती बंगळूरला नेली. तिथं ती पुरती उभी राहिली. अशी चाळीसेक विमानं झाली. १९४८ च्या नोव्हेंबरात पाचवी स्क्वाड्रन याच विमानांवर उभी राहिली, आणि १९६८ मध्ये सहाव्या स्क्वाड्रननं शेवटची लिबरेटर सेवेतून काढली. ज्यांनी टाकून दिली होती त्यांच्याच संग्रहालयाला पुढं आपण एक लिबरेटर भेट दिली.

त्या भेट दिलेल्या विमानाचे तीन नंबर आहेत. अमेरिकेत ते ४४-५०२०६ होतं. रॉयल एअर फोर्सकडे गेलं तेव्हा केएन ७५१ झालं. आपल्याकडे आलं तेव्हा एचई ८०७. तेच पंख आणि तोच सांगाडा, तिन्ही देशांचे कागद मात्र वेगवेगळे. आज ते ब्रिटनच्या संग्रहालयात केएन ७५१ या नंबरानं उभं आहे. आपला एचई ८०७ अंगावर राहिलेला नाही. कॅनडाच्या संग्रहालयातलं लिबरेटर आपलं एचई ७७३, ॲरिझोनातल्या पिमा संग्रहालयातलं एचई ८७७. अमेरिकेत अगदी अलीकडेपर्यंत उडत असलेलं ‘विचक्राफ्ट’ हे आपलं एचई ७७१. त्यावर तर आजवर तीन वेगवेगळी नावं रंगवली गेली. दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात एचई ९२४ आहे, तेवढं आपल्या नंबरानं आपल्या घरी आहे. रंग बदलतो, नाव बदलतं, म्हणून जुन्या विमानांच्या नादातली माणसं आधी नंबरपट्टी शोधतात.

आम्ही ठरवलं की तीन फुटी पत्र्यावर विमानाच्या अंगावर असतो तसा एचई ८०७ रंगवून घ्यायचा. दुसरी गोष्ट आबांच्या मुलानं गुपचूप आणून दिली. आबांच्या जुन्या डायरीत एक पातळ कागद जपून ठेवलेला आहे. विमानं मोडीत निघत होती तेव्हा आबांनी एका हायड्रॉलिक पंपाच्या पट्टीवर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेतला होता. पंप गेला, विमान गेलं, कागद राहिला. त्या ठशावरून पट्टी करून घ्यायची, हे काम घेऊन मी नानांकडं गेलो.

दुकानात पहिल्या दिवशी गेलो तेव्हा नाना एका डाळमिलच्या मोटारीची प्लेट ठोकत होते. त्यांचं रोजचं काम तेच. मोटार भरून झाली की नवी प्लेट, एमआयडीसीतल्या मशिनांच्या प्लेट, विहिरीवरच्या पंपांच्या प्लेट, देवळातल्या देणगीदारांच्या पितळी पाट्या. मुलगा आत लेझर मशिनवर बसतो, बाहेर दुचाकीचं रेडियमचं कामही करतो. नाना मूळ अमळनेरकडचे, गिऱ्हाइकाशी मराठीत सुरुवात करतात आणि दोन वाक्यांत अहिराणीवर येतात. “बठा भाऊ, च्या ल्या,” म्हणाले आणि हातातलं काम संपेपर्यंत मान वर केली नाही. मला ते आवडलं. आकडा ठोकताना माणसानं बोलू नये.

कागद पाहिला आणि त्यांचा चेहराच बदलला. भिंग काढलं, सोनार वापरतात तसं डोळ्याला लावायचं. कागद उजेडाकडं तिरका धरून पाच मिनिटं बघत बसले. मग मला दाखवलं. मॉडेल, सीरियल नंबर, ऑर्डर नंबर ही ठरावीक अक्षरं ठशात काळी उमटली होती, आणि आकडे पांढरे. मी हा कागद शंभर वेळा पाहिला असेल, माझ्या लक्षात कधी आलं नव्हतं. नानांनी समजावलं. पेन्सिल उंच भागावर चालते, खड्ड्यात उतरत नाही. म्हणजे मूळ पट्टीवर अक्षरं उठावाची होती, भोवतीचा धातू आम्लानं खाऊन काढलेला, आणि आकडे नंतर पंचानं ठोकलेले. शिवाय प्रत्येक पांढऱ्या आकड्याच्या कडेला एक बारीक काळी रेघ होती. पंच आत गेला की धातू बाजूला दाबला जाऊन काठ वर येतो, त्या काठाची ती रेघ. ओळही सरळ नव्हती. एक आकडा किंचित वर, एक डावीकडं कललेला. कुण्या अमेरिकी कारखान्यातल्या माणसानं हातोडीनं एकेक आकडा ठोकला होता, ते सगळं ऐंशी वर्षांनी या कागदावर दिसत होतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली. नंबर पंचाच्या संचात दहा नव्हे, नऊ पंच असतात. ६ आणि ९ ला एकच पंच, तो उलटा धरायचा. कागदावरच्या ६ च्या पोटात एक बारीक खोच होती. ९ च्या पोटात तीच खोच, उलटी. म्हणजे दोन्ही आकडे एकाच हातानं, एकाच संचानं ठोकलेले. जुनी पट्टी खरी की खोटी हे बघायचं झालं तर ही खूण फार उपयोगाची आहे. नंतर कुणी एखादा आकडा बदलला असेल तर पंचाचं वळण जुळत नाही.

हे ऐकून मी घरी जाऊन दुसऱ्या दिवशी माझी स्वतःची एक पट्टी घेऊन आलो. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं. आमच्यासारख्यांसाठी तो दिवस जड होता. त्याच आठवड्यात इंटरनेटवर एका विक्रेत्याकडं ‘मिग-२१ ची मूळ पट्टी’ दिसली आणि मी भावनेच्या भरात ३,५०० रुपये मोजले. काळपट, ओरखडे पडलेली, चार कोपऱ्यांत रिव्हेटची भोकं. देवघराशेजारच्या कपाटात ठेवली होती. नानांनी भिंग लावलं, एकदा नखानं आकड्याच्या कडेवरून फिरवलं आणि पट्टी माझ्या हातात परत दिली. “हाई जुनी नही, भाऊ. हाई लेझरनी शे.”

मी त्यांच्याच भिंगातून पाहिलं. आकड्यांच्या तळाला एकसारख्या बारीक समांतर रेघा होत्या, शेतात नांगर फिरवल्यासारख्या. लेझरचा किरण येजा करतो त्याच्या त्या खुणा. काठ वर आलेला नव्हता, नख कुठं अडलंच नाही. रिव्हेटची भोकं होती पण भोकांभोवती रिव्हेटच्या डोक्यानं दाबलेला गोल नव्हता. ही पट्टी कशालाच कधी लावलेली नव्हती. ओरखडे पॉलिश पेपरचे, सगळे एकाच दिशेचे. वीस वर्षं खऱ्या पट्ट्या हाताळलेल्या माझ्या डोळ्यांना हे दिसलं नाही, कारण मला ती खरी असायला हवी होती. विक्रेत्याला तीनदा लिहिलं, उत्तर नाही. पैशांपेक्षा मला त्या नंबराचं वाईट वाटलं. त्या नंबराचं एखादं खरं विमान असेल, त्यावर कुणी रात्र-रात्र काम केलं असेल, आणि त्याचं नाव असं पाचशे-हजारांच्या नफ्यासाठी कोऱ्या पत्र्यावर छापायचं. तपासणीचे नानांनी पैसे घेतले नाहीत.

आता पट्टी कशी झाली ते. ॲल्युमिनियमचा ०.८ मिमी पत्रा, साधारण तीन बाय दीड इंच. मुलानं ठशावरून अक्षरांची आखणी संगणकावर केली, पण छापाई नानांनी स्क्रीननं केली, लग्नपत्रिका छापतात तशी. जिथं अक्षर उठून राहायला हवं तिथं शाई, बाकी पत्रा उघडा, पाठीला चिकटपट्टी. मग कोरणी. पितळ असेल तर फेरिक क्लोराइड वापरतात, पण ॲल्युमिनियमवर ते फार जोरात धावतं, पत्रा तापतो आणि कडा खडबडीत होतात. नाना त्यासाठी मोरचूद आणि मीठ वापरतात. मोरचूद कृषी केंद्रातलं, आपण फवारणीच्या बोर्डो मिश्रणाला आणतो तेच. प्लॅस्टिकच्या ताटलीत निळं पाणी, त्यात पट्टी सोडली की क्षणात बुडबुडे यायला लागतात आणि उघड्या पत्र्यावर लालसर गाळ धरतो. तो तांबं असतो. नाना जुन्या टूथब्रशनं तो गाळ हळू झाडत राहतात, नाहीतर कोरणी एकसारखी होत नाही. मी तिथं स्टुलावर बसून हे वीस मिनिटं पाहिलं. निळं पाणी हळूहळू फिकट झालं आणि खालून अक्षरं वर आली. धुतल्यावर खड्ड्यात काळा एनॅमल भरला, वाळल्यावर पाण्यातल्या पॉलिश पेपरनं वरचा रंग उतरवला. काळ्या जमिनीवर चकचकीत अक्षरं.

आकडे ठोकताना दुकानाचं शटर अर्धं खाली घेतलं. पत्र्याखाली जाड लोखंडी ठोकळा. खाली पोकळ राहिलं तर पत्रा वाकतो आणि पाठीला फुगवटा येतो. पंचाचा संच जुना, त्यांच्या वडिलांच्या वेळचा. एका आकड्याला एकच ठोका. दुसरा ठोका पडला की आकड्याला सावली येते. ठशात जो आकडा वर होता तो वर, जो कललेला तो कललेला. त्यासाठी त्यांनी कागद काचेखाली ठेवून खुणा करून घेतल्या होत्या.

आणि इथं आमचं अडलं. सीरियल नंबर सात आकड्यांचा. पहिले पाच स्पष्ट. सहाव्याची उजवी बाजू दिसते, डावी झिजलेली, तो ३ असेल किंवा ८. सातवा दिसतच नाही, नुसता करडा डाग. मी म्हणालो, नाना, ८ टाका आणि शेवटी काहीतरी घाला. भेट द्यायची आहे, अर्धवट नंबर बरा दिसत नाही. समारंभ चार दिवसांवर आलेला, मी घाईत होतो. नानांनी पंच खाली ठेवला.

“कोना नंबर शे हाऊ?”

मी म्हणालो, पंपाचा.

“मंग माले जे दिखत नही, ते मी टाकाव नही.”

मला राग आला. गिऱ्हाईक मी, पैसे माझे. मुलगाही म्हणाला, टाकून द्या ना, कुणाला कळणार आहे. नाना बधले नाहीत. म्हणाले, मोटारीची प्लेट करतानाही जुनी प्लेट वाचता आली नाही तर मी रकाना कोरा सोडतो. अंदाजानं एचपी टाकला तर शेतकरी त्या हिशेबानं स्टार्टर घेईल आणि मोटार जळेल. दहा मिनिटं मी गप्प बसलो. आबांनी मला विमानाखाली परत पाठवलं होतं ते आठवलं, आणि मग मीच म्हणालो, कोरं राहू द्या.

पाच आकडे ठोकले. पुढची जागा तशीच.

पट्टी उलटी करून नानांनी पाठीवर हातानं कोरलं, ‘प्रतिकृती’ आणि खाली महिना, साल. हे ते प्रत्येक नकलेवर करतात. नको म्हणणाऱ्याचं काम घेत नाहीत. पट्टी जुनी दिसावी म्हणून काळपट करून देतात, पण पाठीवर कोरल्याशिवाय नाही. या नादात असलेल्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. परदेशात स्पिटफायरसारख्या विमानाचा नुसता सापडलेला सांगाडा आणि मूळ पट्टी यांच्या जोरावर अख्खं विमान नव्यानं बांधतात आणि ते त्याच जुन्या विमानाच्या ओळखीनं नोंदवलं जातं. पट्टी एवढी मोलाची असेल तर नक्कल करणाऱ्यानं ती नक्कल आहे हे सांगून ठेवलंच पाहिजे. आपल्याकडच्या ‘परशुराम’ नावाच्या डकोटा या जुन्या मालवाहू विमानाच्या अंगावर व्हीपी ९०५ लिहिलेलं आहे. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख पलटणीला घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा तो नंबर. आताचं विमान वेगळं, ब्रिटनमध्ये उभं करून २०१८ मध्ये दिल्लीजवळ हिंडनला आणलेलं, तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी हवाई दलाला दिलेलं. तो नंबर मानवंदना म्हणून दिला आणि तसं उघड सांगितलं. यात काही वावगं नाही, उलट तो नंबर बघून माझी मान ताठ होते.

पत्र्याच्या कामात मात्र पहिल्यांदा घोळ झाला. मुलानं संगणकातला तयार फाँट घेऊन रेडियम कापलं. ८ मध्ये दोन सारखे गोल, शून्य अंड्यासारखं. दुचाकीच्या नंबरप्लेटला चालेल, विमानाला नाही. आपल्या हवाई दलानं नंबर रंगवायची पद्धत ब्रिटिशांकडून उचलली. युद्धकाळात त्यांचं माप ठरलेलं होतं. अक्षराची उंची ८ इंच, रुंदी ५ इंच, रेघेची जाडी १ इंच. पाच बाय आठ चौकोनांत अक्षर बसवायचं, कोपरे जरा कापलेले. मी वहीतल्या चौकटीच्या कागदावर काढून दिलं, तेव्हा मुलाला लगेच कळलं. दुसऱ्यांदा स्टेन्सिल बिनचूक कापली आणि वेगळे पैसे मागितले नाहीत. रुपेरी पत्र्यावर काळा रंग, फवारा पातळ हातानं तीनदा. खालच्या उजव्या कोपऱ्यात वॉर्निशचा एक ओघळ राहिला आहे. सांगितलं तर दिसतो.

रंग वाळेपर्यंत मुलानं विचारलं, काका, हे नंबर सलग असतात का? चांगला प्रश्न होता. ब्रिटिशांच्या यादीत मध्येच पंचवीस-पन्नास नंबर मुद्दाम सोडून दिलेले असायचे, म्हणजे पडलेल्या विमानांचे नंबर बघून शत्रूला एकूण किती बनली हे काढता येऊ नये. अमेरिकनांचं वेगळं. ४४-५०२०६ मधले ४४ म्हणजे ज्या आर्थिक वर्षात ऑर्डर मंजूर झाली ते साल, विमान तयार झालं ते साल नव्हे. शेपटीवर रंगवताना सालातला पहिला आकडा आणि मधली रेघ गाळायचे. ‘मेम्फिस बेल’ या प्रसिद्ध बी-१७ चा नंबर ४१-२४४८५, शेपटीवर १२४४८५. आपल्याकडे नंबरातल्या सुरुवातीच्या अक्षरांवरून विमान ओळखतात. नॅट या जुन्या छोट्या लढाऊ विमानाला आयई. जग्वारला जेएस, मिराजला केएफ, सुखोईला एसबी, तेजसला एलए. १९६५ ला ३ सप्टेंबरला पाकिस्तानात पसरूरला उतरलेलं आपलं नॅट आयई १०८३ कराचीच्या संग्रहालयात आजही त्याच नंबरानं उभं आहे. हे सांगताना मुलानं लेझर मशिन बंद केलं होतं. एवढं लक्ष देऊन ऐकणारं पोरगं क्वचित भेटतं.

समारंभ चोपड्याजवळच्या त्यांच्या गावी, मळ्यात झाला. भरताचे दिवस, काड्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी. आधी पत्रा दिला. आबांनी हात जोडले, एचई ८०७ मोठ्यानं वाचलं आणि शेजारी बसलेल्या नातवाला म्हणाले, हे आमचं. मग पट्टी दिली. त्यांना आता बारीक दिसत नाही. अंगठा फिरवत गेले, एकेक आकडा पुटपुटत, पाचव्यापाशी आले आणि अंगठा कोऱ्या जागेवर थांबला. मला वाटलं विचारतील, इथं काय झालं.

“क्लॅम्प,” आबा म्हणाले. “इथं पाइपाचा क्लॅम्प घासायचा. चारही इंजिनं लावली की थरथरायचा आणि इथंच घासायचा. दोनदा कळवलं होतं मी.”

मग त्यांनी नातवाचा अंगठा धरून त्या जागेवर ठेवला.

तुम्हाला काम द्यायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा. दुकान सकाळी अकरानंतर उघडतं, दुपारी दोन ते चार नाना घरी जातात. रविवारी फक्त रेडियमचं काम होतं, ठोकायचं नाही. फोनवर दर सांगत नाहीत, नमुना दाखवावा लागतो. फोटोपेक्षा ठसा न्या. पातळ कागद आणि मऊ पेन्सिल, आडवी धरून हलक्या हातानं घासलेला. फोटोत सावली पडते आणि ३ चा ८ होतो. बिल हातानं लिहिलेलं मिळतं. दिवस सांगतील त्याच्या दुप्पट धरा आणि मध्ये दोनदा जाऊन या, त्याचा उपयोग होतो. मी आता नॅटच्या एका भागाची मॉडिफिकेशन पट्टी करायला दिली आहे. आकड्यांची रांग छापलेली असते आणि जो बदल करून झाला तो आकडा पंचानं मारून टाकतात, ती. कोणकोणते आकडे मारायचे आहेत हे नानांनी लेखी मागितलं आहे, खाली सहीसकट.